दात हलतो का एखादा?

गेल्या महिन्यात पुण्यात मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाईंनी साखर, रक्तदाब, दमा असं सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "आता तोंड उघडा. दात हलतो का एखादा?" मावशी म्हणाली, "छे हो!" हलत होता. गेले सहा महिने ती बाकरवडी चहात बुडवून खात होती. शेवटी मीच चहाडी केली.

पूर्ण भूल दिली की बहुतेकदा श्वासनलिकेत नळी घालावी लागते. वाट दिसावी म्हणून तोंडात लॅरिंगोस्कोप सरकवतात. त्याचं आजही वापरात असलेलं वाकडं पातं ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ मध्ये मांडलं. हे साधन डाव्या हातात धरून जीभ डावीकडे सारतात, त्यामुळे सर्वाधिक मार बसतो तो वरच्या पुढच्या दातांना, त्यातही डावीकडच्या. खरं तर पातं वर आणि पुढे उचलायचं असतं. घसा नीट दिसेना, मनगट मागे वळलं, की त्याची पहार होते आणि दात होतो टेकू. पुढच्या दातांना मूळ एकच. असा आडवा जोर त्यांना सोसत नाही. हिरड्या खंगलेल्या (मिश्री लावणाऱ्यांनी मनावर घ्यावं), कॅप बसवलेली किंवा दुधाचे दात पडायच्या वयातलं मूल, तर धोका जास्त.

शुद्धीवर येतानाही दात जातात, हे मला नव्यानं कळलं. अर्धवट जागा झालेला माणूस नळी करकचून चावतो. म्हणून गॉजची घट्ट गुंडाळी दाढांमध्ये ठेवतात, पुढच्या दातांत नाही.

निखळलेला दात श्वासनलिकेत उतरला, तर बहुधा उजव्या फुप्फुसाकडे जातो. तिकडची वाट रुंद आणि सरळ. तो सापडला नाही तर छातीचा एक्स-रे काढावा लागतो. म्हणूनच फार हलणारा दात वेळ असेल तर दंतवैद्याकडून आधीच काढून घेतात, नाहीतर दोऱ्यानं बांधून ठेवतात. कायमचा दात अख्खा निघालाच, तर मुळाला हात न लावता सलाईनमध्ये किंवा थंड दुधात ठेवून लगेच, जमल्यास अर्ध्या तासात, परत बसवायचा प्रयत्न होतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

मावशी जागी झाली तेव्हा गालावर चिकटपट्टी होती आणि तिच्याखालून ओठांत शिरलेला रेशमी दोरा. पोटावरच्या टाक्यांआधी तिनं जिभेनं दात चाचपला. होता.