धुळ्यात एवढी कागदपत्रं आली कुठून?

धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ बघायला जाणारे बहुतेक जण मूर्ती, नाणी, ताम्रपट बघतात, दोन फोटो काढतात अन् निघतात. खरा खजिना आतल्या दप्तरांत आहे, पण कपड्यात बांधलेले मोडीचे, म्हणजे जुन्या मराठी हस्तलिपीतले, गठ्ठे बघायला कोण थांबतंय.

हे सगळं सुरू झालं त्याचं एक कारण म्हणजे कुलूप. पेशवाई बुडाल्यावर पुण्याचं पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि आपल्या अभ्यासकांना तिथे सहजासहजी शिरकाव नव्हता. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद 45 भागांत छापले ते 1930 नंतर, म्हणजे बघा. मग त्याआधी करायचं काय? तर सरदार, जहागीरदार, कुलकर्णी, देशपांडे यांच्या घरी माळ्यावर जे पडलंय ते शोधायचं. इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (जन्म 1863) यांनी आयुष्यभर हेच केलं. गावोगाव पायपीट, हाताने स्वयंपाक, आणि कुणाच्या घरी दप्तर आहे कळलं की तिथे धडकायचं. कुठे उंदरांनी खाल्लेलं, कुठे वाळवी लागलेली, कुठे वाण्याकडे रद्दीत गेलेलं. यातूनच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 मध्ये आला, 1750 ते 1761 ची पत्रं, म्हणजे थेट पानिपतपर्यंत. असे एकूण 22 खंड.

1910 मध्ये त्यांनी सरदार मेहेंदळ्यांबरोबर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. पण माणूस तापट, कुणाशी फार दिवस जमायचं नाही (त्यांच्या प्रस्तावना वाचा, पानापानावर भांडण आहे आणि वाचायला धमाल येते). शेवटी पुण्यातल्या मंडळींशी बिनसलं आणि ते धुळ्याला आले. 31 डिसेंबर 1926 ला तिथेच गेले. धुळेकरांनी मात्र कमाल केली, महिनासुद्धा जाऊ दिला नाही, 1927 च्या जानेवारीतच त्यांच्या नावाने मंडळ उभं केलं. त्यांचा अर्धवट राहिलेला धातुकोशही (क्रियापदांच्या मूळ रूपांचा कोश) मंडळानेच पुढे छापला. 'संशोधक' हे त्रैमासिकही इथलंच.

धुळंच का, तर तिथे आधीपासून वातावरण होतं. शंकरराव देव, म्हणजे नानासाहेब देव, यांची सत्कार्योत्तेजक सभा रामदासी बाडं, म्हणजे हस्तलिखित वह्या, गोळा करत होती, त्यातूनच पुढे समर्थ वाग्देवता मंदिर झालं. समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायण तिथे आहे, तेही जमल्यास बघून या.

आणि आत बसून कागद बघणार असाल तर मोडी थोडीतरी शिकून जा. नुसती अक्षरं येऊनही भागत नाही हं, कारण पत्राच्या तारखा 'छ' लावून मुसलमानी महिन्यात, म्हणजे छ 15 सफर वगैरे, आणि साल बऱ्याचदा अरबी आकड्यांच्या नावात, इहिदे, इसन्ने, सलास असं. जंत्री (जुन्या तारखा आजच्या तारखांशी जुळवायचं कोष्टक) जवळ नसेल तर पत्र वाचता येतं पण ते कधीचं आहे हेच कळत नाही, आणि मग अख्खी दुपार त्या एका कागदावरच जाते.