खाडीचा वास म्हणजे गटारच, हा गैरसमज

ओहोटीला खाडीकाठी कुजक्या अंड्यांसारखा वास आला की "गटार सोडलंय" म्हणून लोक मोकळे होतात. कांदळवनं म्हणजे घाण, भराव टाका, ही मागणीही त्यातूनच येते. हे साफ चूक आहे.

वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट (गंधक आणि ऑक्सिजन असलेला क्षार-घटक) असतं. चिखलात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. तिथले जिवाणू मग गळलेल्या पानांवर जगताना ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करतात. सल्फेटचं आधी सल्फाइट होतं. पुढची कळीची पायरी डिसिमिलेटरी सल्फाइट रिडक्टेज या एन्झाइमची: डीएसआर-सी नावाच्या छोट्या प्रथिनाच्या साथीनं ते सल्फाइटचं सल्फाइडपर्यंत क्षपण घडवतं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढतं. डिसल्फोव्हिब्रिओ जिवाणूंमधलं हे एन्झाइम चक्क हिरवं असतं!

चिखलाचा काळा रंगही याच सल्फाइडचा, लोहाशी जुळलेला. ढेकूळ फोडून उघड्यावर ठेवा, हवेनं काळेपणा उतरून तपकिरी छटा येते.

सांडपाण्यानं मात्र हा वास वाढतो, कारण जिवाणूंना जादा खाद्य मिळतं. म्हणून नुसत्या वासावर न जाता, प्रदूषण ठरवायचं तर पाण्यातले कोलिफॉर्म (सांडपाण्याची खूण मानले जाणारे जिवाणू) आणि अमोनिया तपासा.