पिटहोल: आधी गॅस गेला, मग गाव

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये पिटहोल नावाचं एक गाव होतं, होतं म्हणजे जेमतेम दोनेक वर्षंच धड होतं. जवळच टायटसव्हिल गावात एडविन ड्रेक नावाच्या माणसाच्या विहिरीला तेल लागलं १८५९ मध्ये, आणि जानेवारी १८६५ मध्ये इथे फ्रेझर विहिरीला. मे महिन्यात होल्मडेन नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात प्लॉट पाडले आणि वर्ष संपायच्या आत वस्ती १५-२० हजारांच्या घरात! पन्नासच्या वर हॉटेलं, पण गटार एक नाही, रस्ते म्हणजे नुसता चिखल. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, सैन्यातून सुटलेली पोरं खिशात पैसे घेऊन थेट इकडेच यायची.

तेल वाहून न्यायचे घोडागाडीवाले, आणि ते एका पिंपामागे ३ डॉलरपर्यंत उकळायचे. मग सॅम्युअल व्हॅन सायकल नावाच्या तेल-व्यापाऱ्याने ऑक्टोबरमध्ये २ इंची लोखंडी पाइप टाकला, रेल्वेपर्यंत साधारण ५ मैल, पंप लावून. पिंपामागे भाडं एकदम १ डॉलरवर आलं. गाडीवाल्यांनी पाइप उखडला, मग बंदूकवाले पहारेकरी बसवले. पाइप टिकला, गाडीवाल्यांचा धंदा बसला तो बसलाच.

पण गाव बुडालं ते वेगळ्याच कारणाने. जमिनीखाली तेलाचं तळं वगैरे काही नसतं, वाळूच्या खडकात बारीक बारीक छिद्रं असतात, त्यात तेल आणि त्या तेलात दाबाखाली विरघळलेला गॅस. भोक पडलं की दाब उतरतो, गॅस सुटतो, फुगतो आणि तेलाला ढकलत वर आणतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखं. गॅस निघून गेला की उरलेलं तेल, आणि ते बरंच असतं, खडकातच चिकटून बसतं. आता अर्ध्या अर्ध्या एकराच्या प्लॉटवर प्रत्येकाची आपली विहीर, तेल काही कुंपण बघत नाही, आणि रिवाज असा की जो वर काढेल त्याचं. शेजारी उपसतोय म्हटल्यावर हात आवरणारा येडाच ठरणार ना? त्यात बंद पडलेल्या विहिरी तशाच उघड्या टाकल्या, वरच्या थरातलं पाणी खाली तेलात शिरलं.

फ्रेझर विहीर वर्षभरही टिकली नाही. १८६६ मध्ये एकामागून एक आगी लागल्या, लाकडी घरं ती, भराभर गेली. १८७० च्या जनगणनेत तीनशे माणसंसुद्धा नव्हती आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस तिथली जागा विकली गेली ४ डॉलर ३७ सेंटला.

गंमत म्हणजे, त्याच भागातल्या लोकांच्या पुढे लक्षात आलं की खाली शिरलेलं पाणी एका विहिरीची वाट लावतं खरं, पण शेजारच्या विहिरीकडे तेल ढकलतंसुद्धा. आज हेच मुद्दाम करतात, आपल्या मुंबई हायमध्ये, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, समुद्राचं पाणी गाळून, साफ करून पंपाने खाली सोडतात, दाब टिकवायला. तिथे अख्खं क्षेत्र ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या एकाच हातात असल्यामुळे कोणती विहीर पाण्याची आणि कोणती तेलाची हे आधी ठरवता येतं, पिटहोलमध्ये हे कोण कुणाला सांगणार होतं.