कंपनीच्या मेडिक्लेममधून दवाखान्याचा खर्च परत कसा मिळवायचा? नाशिकच्या नोकरदारांसाठी कागदपत्रे आणि प्रक्रिया

दरमहा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कर्मचारी कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये येतो. त्याचा रस्ता सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातून जातो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीचे नियमही निराळे. इथली माहिती या दोन्हींत न बसणाऱ्यांसाठी आहे: सातपूर, अंबड, सिन्नरच्या कंपन्यांत किंवा शहरातल्या खासगी कार्यालयांत काम करणारे, ज्यांच्यासाठी मालक ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकत्रित आरोग्य विमा, घेतो.

दवाखाना टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) यादीत असेल तर कॅशलेस होते, म्हणजे बिल परस्पर भरले जाते, आणि प्रश्न मिटतो. यादीत नसेल, किंवा कॅशलेसची मंजुरी नाकारली गेली, तर आधी खिशातून भरायचे आणि मग मागायचे. यालाच रिइम्बर्समेंट म्हणतात. कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम नाकारला असे नव्हे. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो आणि ते पुढे अर्जच करत नाहीत.

कोण पात्र, कोणता खर्च पात्र

ज्याचे नाव ई-कार्डवर, म्हणजे मेडिक्लेमच्या ओळखपत्रावर, आहे तोच पात्र. लग्न झाले किंवा बाळ झाले की एचआरला लगेच लेखी कळवा. ही नावे वर्षाच्या मध्ये घालता येतात, पण मुदत बहुधा ३० दिवसांचीच असते. आई-वडिलांचे नाव मात्र सहसा पॉलिसीच्या नूतनीकरणावेळीच घालता येते.

सहसा किमान २४ तास भरती असावी लागते. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी असे डे-केअर उपचार याला अपवाद आहेत. भरतीआधीचे ३० आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस, त्याच आजाराच्या तपासण्या आणि औषधे बहुतेक पॉलिसींत धरली जातात. तुमच्या पॉलिसीतले आकडे वेगळे असू शकतात, म्हणून एचआरकडून लाभांचा तक्ता आजच मागून ठेवा. आजारपणात तो शोधायला कुणाला वेळ नसतो.

पहिले काम: कळवणे

ठरवून भरती असेल तर आधी, अचानक असेल तर साधारण २४ तासांच्या आत टीपीएला ॲप, ईमेल किंवा फोनवरून कळवायचे. फोन केला तर इंटिमेशन नंबर लिहून घ्या. दवाखान्याने कळवले असेल, असे धरून चालू नका. यादीबाहेरच्या दवाखान्यावर तशी जबाबदारी नसते.

डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरच

क्लेम अडकतो तो इथे. घरी आल्यावर एका शिक्क्यासाठी मुंबई नाक्याला किंवा गंगापूर रोडला पुन्हा चकरा मारण्यापेक्षा तासभर थांबलेले परवडते.

क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. भाग अ आपण भरायचा. भाग ब दवाखान्याने भरून सही-शिक्का द्यायचा. कोरा भाग ब भरतीच्या दिवशीच देऊन ठेवा. त्यासोबत मूळ डिस्चार्ज कार्ड, बाबवार तपशिलासह फायनल बिल आणि पैसे भरल्याच्या पावत्या घ्या. बिल आणि पावती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त बिल जोडले की हमखास क्वेरी, म्हणजे आणखी कागदांची विचारणा, येते. ॲडव्हान्स भरला असेल तर त्याचीही पावती हवी, आणि सगळ्या पावत्यांची बेरीज फायनल बिलाशी जुळायला हवी. ५,००० रुपयांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून घ्या. शक्यतो रोख टाळाच. दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे.

मेडिकलच्या प्रत्येक बिलावर रुग्णाचे नाव, तारीख आणि त्याला जुळणारी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. परत केलेल्या औषधांचे रिटर्न बिलही जोडा, नाहीतर रक्कम जुळत नाही. तपासणीचे बिल असेल तर रिपोर्ट आणि सांगणारी चिठ्ठी, दोन्ही. स्टेंट, लेन्स, सांध्याचे इम्प्लांट असेल तर त्याचे स्टिकर आणि इन्व्हॉइस. अपघात असेल तर एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद) प्रत. यादीबाहेरचा लहान दवाखाना असेल तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालच्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्सही मागून घ्या. त्यावर खाटांची संख्या आणि मुदत दिसते. आपल्या बाजूने ई-कार्ड, आधार, नाव छापलेला कॅन्सल चेक. क्लेम एक लाखावर असेल तर पॅनही.

डिस्चार्ज कार्ड तिथेच वाचा. नाव आधारप्रमाणे आहे का, भरतीची तारीख आणि वेळ बिलाशी जुळते का, आजार कधीपासून हे बरोबर लिहिले आहे का. खाडाखोड असेल तर शेजारी डॉक्टरांची सही आणि शिक्का. व्हाइटनर लावलेला कागद परत येतो.

पावसाळ्यानंतर डेंग्यूचे क्लेम वाढतात, आणि त्यांवर ठरलेली शंका येते: भरतीची गरज होती का, की नुसत्या तपासणीसाठी ठेवले? उत्तर इनडोअर केस पेपरमध्ये असते. तापाचा तक्ता, रोजचे प्लेटलेट, सलाईन आणि इंजेक्शनच्या नोंदी. यांची प्रत सुरुवातीलाच जोडली तर एक फेरी वाचते.

कापले का जाते

हातमोजे, ॲडमिशन किट, नोंदणी शुल्क, सोबतच्या माणसाचे जेवण हे सहसा मिळत नाही. पण मोठी कात्री लागते ती रूमची. समजा मर्यादा दिवसाला ५,००० आणि तुम्ही ८,००० ची रूम चार दिवस घेतली. रूमचे १२,००० तर जातातच. शिवाय डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असा ६०,००० चा खर्चही त्याच प्रमाणात (८,००० ला ५,०००), ६२.५ टक्के, म्हणजे ३७,५०० धरला जातो. एकूण ३४,५०० आपल्या डोक्यावर. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या शुल्काला मात्र ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. सेटलमेंट लेटरमध्ये लावलेली दिसली तर लेखी हरकत घ्या.

जमा करणे आणि नंतर

मुदत पॉलिसीप्रमाणे डिस्चार्जपासून १५ ते ३० दिवस. प्रत्येक पान स्कॅन करून पोर्टलवर चढवा, मूळ कागद एचआरमार्फत द्या आणि पोच घ्या. डिस्चार्जनंतरच्या औषधांचा क्लेम वेगळा, पहिल्या क्लेमचा नंबर लिहून. स्वतःची दुसरी पॉलिसी असेल तरी आधी कंपनीचीच वापरा, म्हणजे स्वतःच्या पॉलिसीचा नो-क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारा लाभ) टिकतो. उरलेली रक्कम सेटलमेंट लेटर आणि प्रमाणित प्रती जोडून दुसरीकडे मागता येते.

क्वेरी आली की एकाच उत्तरात सगळे कागद द्या. तुकड्यातुकड्यांनी पाठवले की प्रत्येक वेळी फाइल पुन्हा रांगेत लागते. नकार आला तर कारण आणि पॉलिसीचे कलम लेखी मागा. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, हवे तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. नाशिकसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो आणि ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही घेतल्या जातात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, सोबत नकाराचे पत्र, तक्रारीची पोच आणि क्लेमचे सगळे स्कॅन.