शेजारच्या घरात वायफाय न्यायचं तर

कोकणातल्या वाडीत फायबर येतं ते बहुतेक वेळा रस्त्याकडेच्या घरापर्यंत. मागे, आगराच्या पलीकडे, धाकट्या भावाचं घर असतं. मधे साठेक मीटरचं अंतर, तीन-चार माड, एक आंबा आणि चिऱ्याचा गडगा. अशा वेळी पहिला उपाय सगळे करतात तोच: राऊटर उचलायचा आणि मागच्या खिडकीत ठेवायचा. पलीकडच्या पडवीत फोनवर एखादी दांडी दिसते, पण व्हिडिओ काही उघडत नाही. मग लोक म्हणतात, लांब पडतं. पण 60 मीटर वायफायला अजिबात लांब नाही, आणि हे साध्या हिशेबाने दाखवता येतं.

मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की पोचणाऱ्या रेडिओलहरीची शक्ती चौथाई होते. आता मधे जांभ्याची भिंत घ्या. जाड, आणि जून ते सप्टेंबर ओल धरलेली. अशी भिंत लहरीचा सोळावा भागच पलीकडे सोडते असं धरू. जाड चिऱ्याच्या किंवा भरपूर सळया घातलेल्या काँक्रीटच्या भिंतीला हा अंदाज काही फार कडक नाही. सोळावा भाग म्हणजे चौथाईची चौथाई, म्हणजेच अंतर चौपट झाल्यासारखं. आपली एक भिंत आणि भावाची एक भिंत मिळून झालं सोळापट. 60 मीटरवरचं घर वायफायच्या लेखी 960 मीटरवर जाऊन बसलं. त्यात खिडकीवर पत्र्याची पडळ असेल, तर पत्रा लहरीला जवळजवळ पूर्णच परतवून लावतो.

उलट टोकाचं उदाहरण व्हेनेझुएलाचं आहे. 2007 मध्ये एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन डोंगरांमध्ये 382 किलोमीटरवर वायफायची जोडणी चालवून दाखवली. यंत्रं घरगुती राऊटरच्या जातीचीच होती, फक्त त्यांना मोठ्या तबकड्या लावल्या होत्या आणि मधे आडवं काही नव्हतं.

तबकडीने काय होतं ते कळलं की निम्मं काम झालं. घरातला राऊटर आपली लहर चहूकडे सांडतो: शेजारी, रस्त्यावर, विहिरीकडे. दिशा धरणारा अँटेना तीच शक्ती एका बाजूला एकवटतो. बॅटरीतल्या दिव्यामागे आरसा असतो तसंच हे. सेल तेच, उजेड मात्र समोर दूरवर. गच्चीवर किंवा भिंतीवर लावायचे जे छोटे चपटे डबे बाजारात मिळतात, ते नेमक्या दिशेने साधारण 20 पट जोर देतात. आणि हा अँटेना ऐकतानाही तितकाच उपयोगी पडतो. दोन्ही टोकांना असा डबा लावला की 20 गुणिले 20, म्हणजे 400 पट फायदा, तोही वीजबिल न वाढवता.

ऐकण्याचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि दुकानात नेमका तोच सांगत नाहीत. फोनवरच्या दांड्या दाखवतात त्या फोनला राऊटर किती ऐकू येतो ते. राऊटरला फोन किती ऐकू येतो, हे त्या सांगत नाहीत. फोनची लहर सहसा राऊटरपेक्षा क्षीण असते. शिवाय वायफायमध्ये पाठवलेल्या मालाची पोच उलट यावी लागते. पोच आली नाही की तोच माल पुन्हा पाठवायचा, आणि दर वेळी वेग आणखी कमी करायचा. दांडी दिसते आणि नेट चालत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून जास्त शक्तीचा राऊटर आणून ठेवला तर फक्त एकच बाजू सुधारते. त्याहून वाईट म्हणजे, हवा सगळ्यांची एकच असल्याने तो लांबचा रखडणारा फोन आपल्या घरातल्या सगळ्यांचा वेळ खातो. पलीकडे पुतण्या रील बघायला धडपडतो आणि अलीकडे आपला ऑनलाइन वर्ग अडखळतो.

रिपीटर हा दुसरा आवडता उपाय. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग सरळ निम्म्यावर येतो. आणि तो ठेवतात कुठे? भावाच्या घरात, जिथे मुळात सिग्नल नाही तिथे. जे ऐकूच येत नाही ते तो पुढे काय सांगणार?

योग्य रचना अगदी सुटसुटीत आहे. पहिल्या घराच्या राऊटरपासून एक वायर काढून बाहेर भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर एक डबा लावायचा. दुसऱ्या घराच्या बाहेर, पहिल्याच्या अगदी नजरेसमोर, दुसरा डबा. दुसऱ्या डब्याची वायर आत जाते आणि तिथल्या वेगळ्या राऊटरला लागते. हवेतून जाणारी लहर फक्त या दोन डब्यांमध्ये, दोन्ही घरांच्या भिंती वायरने ओलांडलेल्या. भावाच्या घरातले फोन त्यांच्या स्वतःच्या राऊटरशी बोलतात. यासाठी 5 गिगाहर्ट्झचा पट्टा घ्यावा. (हर्ट्झ म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते ते; आकडा मोठा तशी लहर आखूड.) 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे जेमतेम तीनच चॅनल मिळतात, आणि शहरातल्या सोसायटीत तर ते कायम भरलेले. वाडीत एवढी गर्दी नसते, पण 5 चा आणखी एक फायदा आहे, आणि तो माडांशी संबंधित आहे.

दोन डबे एकमेकांना दिसले म्हणजे झालं, असं वाटतं. पण लहर दोरीसारख्या बारीक रेषेतून जात नाही. दोन टोकांना निमुळती आणि मधे फुगलेली अशी जागा तिला लागते. प्रकाशाच्या लहरींवर काम करणारे आणि दीपगृहांच्या भिंगांमुळे ओळखले जाणारे फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगुस्तँ फ्रेनेल यांच्या नावाने तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. 60 मीटर अंतरावर, 5.8 गिगाहर्ट्झला, बरोबर मध्यावर तिची त्रिज्या सुमारे 90 सेंटीमीटर भरते. 2.4 गिगाहर्ट्झला ती जवळजवळ 1.4 मीटर होते, म्हणजे 5 च्या पट्ट्याला माडांमधून कमी मोकळी जागा पुरते. या त्रिज्येचा निदान 60 टक्के भाग मोकळा हवा. म्हणजे गडग्यावर चढून पाहिलं, समोरचा डबा दिसला, पण नजरेच्या रेषेखाली वीतभरावर आंब्याचा शेंडा असेल, तर ते मोकळं नव्हे.

मे महिन्यात उत्तम चाललेली जोडणी जुलैत का ढेपाळते, याचं उत्तर इथे आहे. दोष पावसाच्या सरीला देतात. वास्तविक या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही; 100 मीटरवर मुसळधार पावसातही होणारी घट लक्षात येण्याजोगी नसते. अडवतं ते पानांतलं आणि पानांवरचं पाणी. जुलैत केळी वाढलेली असते, गडग्यावरून पडवळाचा वेल चढलेला असतो, आणि माडाची ओली झावळ वाऱ्याने त्या फुगलेल्या जागेत आत-बाहेर करत असते. झावळ आत आली की वेग पडतो, बाहेर गेली की सुधारतो. अशी वर-खाली दिसली की डबा मीटरभर बाजूला सरकवून पाहावा. माड तोडायची गरज सहसा पडत नाही.

झाडी चुकवताच येत नसेल तिथे याहून लांब लहरी लागतात. पालघर जिल्ह्यातल्या गावांत आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातल्या मोकळ्या जागा वापरून, म्हणजे पाचशे मेगाहर्ट्झच्या आसपास, गावापर्यंत इंटरनेट नेण्याचे प्रयोग केले. अर्ध्या मीटरहून लांब असलेली ती लहर झाडीतून बरीच चांगली जाते. घरगुती वापराला तो पट्टा खुला नाही.

2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झचे पट्टे मात्र आपल्याला परवान्याशिवाय वापरता येतात. पहिला 2005 मध्ये मोकळा झाला: यंत्राची शक्ती जास्तीत जास्त 1 वॅट, अँटेनाने एकवटून 4 वॅट. 5 गिगाहर्ट्झचे पट्टे घराबाहेर वापरायला खऱ्या अर्थाने मोकळीक मिळाली ती 2018 मध्ये.

मग सरळ वायरच का ओढू नये? 100 मीटरपर्यंत साधी नेटवर्क केबल चालते, हे खरं. पण दोन घरांचं अर्थिंग वेगळं असतं आणि तांब्याची तार त्यांना जोडते. मे अखेरीला किंवा ऑक्टोबरात जवळपास वीज कोसळली की क्षणभर दोन्हीकडच्या जमिनीच्या विद्युतदाबात प्रचंड फरक पडतो, आणि तो या तारेतून दोन्ही घरांतल्या यंत्रांपर्यंत पोचतो. काचेच्या फायबरला हा धोका नाही. पाइप पुरायची तयारी असेल तर फायबरच सर्वांत चांगलं, असं मी नि:संकोच सांगेन. बिनतारी डब्यांनाही भिंतीवरून खाली येणारी तांब्याची वायर असतेच. म्हणून तिला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारं उपकरण) आणि नीट अर्थिंग हवं, आणि गडगडायला लागलं की प्लग काढलेला बरा. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, वायरीवरून ओघळत आत येत नाही.

आता पासवर्डबद्दल. 2008 च्या जुलैत अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटं आधी एक धमकीचा ईमेल आला. पोलीस त्याचा माग काढत नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी पोचले. त्याचं वायफाय दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं. बाहेरच्या जगाला दिसतो तो जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस), आणि जोडणी ज्याच्या नावावर, चौकशी त्याच्याकडे येते. भाऊ असला तरी त्याच्या घरी येणारे पाहुणे आपल्याला ठाऊक नसतात. म्हणून दोन डब्यांमधल्या दुव्याला लांबलचक, वेगळा पासवर्ड आणि किमान डब्ल्यूपीए 2 चं (वायफायवरून जाणारा मजकूर कुलूपबंद करण्याच्या पद्धतीचं) संरक्षण ठेवावं. तो पासवर्ड फोनवर टाकायची कुणालाच गरज पडत नाही, मग तो कितीही किचकट असेना. दुसऱ्या घराचं जाळं गेस्ट म्हणून वेगळं काढलं तर आपला प्रिंटर आणि कॅमेरे तिकडून दिसत नाहीत.

बहुतेक कंपन्यांच्या अटींत जोडणी एकाच पत्त्यावर वापरायची असते, तेव्हा आधी विचारून घ्यावं. पैसे घेऊन वाडीभर इंटरनेट द्यायचं असेल तर प्रकरण वेगळं होतं. त्यासाठी डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात किराणा दुकानदारालाही परवाना न काढता वायफाय विकता येतं, मात्र त्या योजनेच्या चौकटीतून.