मैदान दोन्हीकडून सारखंच दिसतं

२५ ऑक्टोबर १९६४. सॅन फ्रान्सिस्कोच्या केझार स्टेडियमवर यजमान फोर्टीनायनर्स आणि मिनेसोटा वायकिंग्ज यांचा सामना रंगात आला होता. चौथ्या सत्रात फोर्टीनायनर्सच्या बिली किल्मरच्या हातून चेंडू निसटला आणि वायकिंग्जचा बचावपटू जिम मार्शलने तो झडप घालून उचलला. समोर मैदान मोकळं. मार्शल सुसाट सुटला, ६६ यार्ड धावला, टोकाच्या एंड झोनमध्ये पोचला आणि विजयी मुद्रेने चेंडू बाहेर भिरकावून दिला. तेवढ्यात फोर्टीनायनर्सचा ब्रूस बॉस्ली जवळ आला आणि त्याने मार्शलचे चक्क आभार मानले. मग मार्शलच्या डोक्यात प्रकाश पडला. तो स्वतःच्याच संघाच्या एंड झोनमध्ये उभा होता.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलचं मैदान १०० यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड रुंद असतं, दोन्ही टोकांना १० यार्डांचे एंड झोन. प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे ६ गुण. आपल्याच एंड झोनमध्ये चेंडूसकट अडकलात, किंवा तिथून चेंडू बाहेर घालवलात, तर त्याला सेफ्टी म्हणतात आणि समोरच्याला २ गुण मिळतात. मार्शलने चेंडू तिथेच टाकला असता आणि बॉस्लीने तो उचलला असता तर ६ गुण गेले असते. भिरकावल्यामुळे दोनावर भागलं! वायकिंग्जनी तो सामना २७-२२ असा जिंकलाही.

पाहणारा अशा वेळी एका शब्दात निकाल लावतो: मूर्ख. पण हा माणूस २० हंगाम खेळला आणि त्यात सलग २८२ सामन्यांत मैदानात उतरला. व्यावसायिक फुटबॉलमधल्या अचाट चुका गोळा करायला बसलं तर यादीत नवशिके कमी आणि मुरलेले खेळाडू जास्त सापडतात. मला यात नवल वाटत नाही. ज्या यंत्रणेमुळे माणूस तरबेज होतो, त्याच यंत्रणेतून या चुका निघतात.

मार्शलचं कोडं उंदरांपासून सोडवायला घ्यावं लागेल. १९८६ मध्ये केन चेंग या संशोधकाने आयताकृती पेटीतल्या उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत एका ठिकाणी खाऊ लपलेला. उंदराला ती जागा दाखवायची, बाहेर काढायचं, त्याचं दिशाभान घालवायचं आणि तशाच पेटीत पुन्हा सोडायचं. उंदीर बरोबर जागी शोधत, आणि जवळजवळ तितक्याच वेळा नेमक्या तिरप्या समोरच्या जागीही शोधत. आयत अर्धा फिरवला की तो जसाच्या तसा दिसतो, म्हणून ही दोन ठिकाणं आकारावरून वेगळी काढता येत नाहीत. कोपऱ्यांना वेगवेगळ्या नक्षीचे तुकडे होते, वासही निराळे होते. एरवी या खुणा उंदरांना कळतात. पण दिशा हरवल्यावर ते आकाराच्या भरवशावर राहिले.

१९९४ मध्ये लिंडा हर्मर आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी हेच दीड-दोन वर्षांच्या मुलांवर करून पाहिलं. आंधळी कोशिंबीर खेळताना राज्य असलेल्याला गरगर फिरवून सोडतात ना, तसंच. छोट्या आयताकृती खोलीची एक भिंत ठळक निळी होती, तरी मुलं तिरप्या समोरच्या कोपऱ्यात जाऊन खेळणं शोधत राहिली. मोठी माणसं निळ्या भिंतीचा आधार घेतात आणि चुकत नाहीत. खरी गंमत पुढच्या प्रयोगात आहे. १९९९ मध्ये मोठ्या माणसांना कानावर पडणारा मजकूर लगोलग तोंडाने म्हणायला लावला, म्हणजे डोकं दुसरीकडे गुंतवलं. तेव्हा तीही बरीचशी त्या मुलांसारखी वागू लागली.

फुटबॉलचं मैदान म्हणजे असाच एक मोठा आयत, दोन्ही टोकांना हुबेहूब सारखे गोलखांब. मोठ्या खोलीत मुलंसुद्धा रंगाची खूण जास्त चांगली वापरतात असं नंतरच्या प्रयोगांत दिसलं आहे, त्यामुळे खोलीतला निष्कर्ष उचलून थेट स्टेडियमला चिकटवता येत नाही. तरी मार्शलची स्थिती बघा. चौथं सत्र, दमछाक झालेली, चेंडू जमिनीवर लोळताना दिसतो, वाकून उचलायचा आणि त्या धडपडीत अंग फिरतं. धावफलक, प्रेक्षागृह, बाकांवर बसलेले आपले लोक या सगळ्या निळ्या भिंती तिथे होत्याच. त्यांच्याकडे बघायला डोकं मोकळं नव्हतं. सीमारेषेवरून सहकारी हातवारे करत ओरडत होते, आणि ते आपल्याला प्रोत्साहन देताहेत असं त्याला वाटलं. एकदा दिशा मनात पक्की झाली की विरोधी पुरावाही बाजूचा वाटू लागतो.

मार्शलच्या आधी हा मान रॉय रीगल्सकडे होता. महाविद्यालयीन फुटबॉलमधली ही गोष्ट, १ जानेवारी १९२९ च्या रोझ बोल सामन्यातली. कॅलिफोर्नियाचा रीगल्स उलट्या दिशेने पळाला आणि त्याच्याच संघातल्या बेनी लोमने जिवाच्या आकांताने पाठलाग करून त्याला रेषेजवळ कसंबसं थांबवलं. पण तिथून पायाने दूर टोलवू पाहिलेला चेंडू प्रतिस्पर्धी जॉर्जिया टेकने अडवला, सेफ्टीचे २ गुण गेले आणि सामना ८-७ असा हातचा गेला. पुढे मार्शलची बातमी वाचून रीगल्सने त्याला पत्र धाडलं आणि आपल्या मंडळात त्याचं स्वागत केलं. असा दिलदारपणा विरळाच.

दिशा चुकणं तसं दुर्मीळ. त्याहून कितीतरी जास्त वेळा चुकते ती सवय.

२५ नोव्हेंबर १९९३, थँक्सगिव्हिंगचा दिवस. डॅलसमध्ये एरवी न दिसणारं बर्फ मैदानावर पसरलेलं. डॅलस काउबॉइज मायामी डॉल्फिन्सविरुद्ध १४-१३ असे पुढे, १५ सेकंद उरलेले. मायामीच्या पीट स्टोयानोविचने ४१ यार्डांवरून गोलखांबांकडे मारलेली किक, जी आत गेली तर ३ गुण, डॅलसने अडवली. संपलं! नियम असा की अडवलेला चेंडू तिथे पडून राहिला आणि डॅलसच्या कोणी त्याला हात लावला नाही, तर चेंडू डॅलसचा. बर्फावर तो गरगर फिरत होता आणि काउबॉइज नाचायला लागले होते. इतक्यात गर्दीतून लिऑन लेट हा धिप्पाड बचावपटू धावत आला, घसरत चेंडूवर गेला आणि त्याचा स्पर्श झाला. स्पर्श झाला की चेंडू जिवंत, जो पकडेल त्याचा. मायामीने तो डॅलसच्या रेषेपासून एक यार्डावर पकडला, ३ सेकंद उरले असताना स्टोयानोविचने पुन्हा किक मारली आणि सामना १६-१४ असा फिरवला. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो असा जातो.

लेटला नियम ठाऊक नव्हता असं समजणं सोपं आहे. पण ठाऊक असणं आणि त्या क्षणी आठवणं यांत बरंच अंतर असतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हयातभर माणसाच्या चुकांचा अभ्यास केला. त्याची सुरुवात त्यांच्या स्वयंपाकघरात झाली: चहा करता करता त्यांनी मांजराचं खाणं चहाच्या किटलीत टाकलं. त्यांनी मांडलेला फरक इथे कामाला येतो. काही चुकांत बेतच चुकीचा असतो, तर काहींत बेत बरोबर असतो पण अंमल करताना हात भलतीकडे वळतो. दुसऱ्या प्रकारात बहुधा एखादी जुनी, घट्ट सवय मध्ये घुसून ताबा घेते, आणि हे घडतं लक्ष क्षणभर ढळलेलं असताना.

आता लेटची सवय काय? मोकळा चेंडू दिसला की त्यावर अंग टाकायचं. शाळेपासून हजारो वेळा घोटलेली. हात न लावण्याचा प्रसंग मात्र वर्षाकाठी एखादा. सवयीची कृती निघते आपोआप, ती अडवायला मात्र कोणीतरी जागं असावं लागतं. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ मध्ये हे शर्यतीच्या रूपात मांडलं: मेंदूत ‘कर’ आणि ‘थांब’ अशा दोन प्रक्रिया धावतात, आधी पोचेल ती जिंकते. सुटलेली कृती रोखायला प्रयोगशाळेत साधारण पाव सेकंद किंवा थोडा कमी वेळ लागतो. लेटला त्याहून बराच जास्त वेळ मिळाला होता, म्हणजे त्याची ‘थांब’ प्रक्रिया हरली नाही, ती शर्यतीत उतरलीच नाही.

सवय नव्या जागी नेली की कशी दगा देते याचं याहून स्वच्छ उदाहरण २००० सालचं आहे. पिट्सबर्ग स्टीलर्सचा नवखा प्लॅक्सिको बरेस जॅक्सनव्हिलविरुद्ध झेल घेऊन पडला, उठला आणि थाटात चेंडू जमिनीवर टाकला. महाविद्यालयीन नियमांत गुडघा टेकला की खेळ थांबतो. व्यावसायिक नियमांत प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श व्हावा लागतो, आणि बरेसला कोणी शिवलंच नव्हतं. चेंडू जॅक्सनव्हिलने घेतला. शिक्षणाच्या अभ्यासक्रमात याला ऋण संक्रमण म्हणतात: आधी शिकलेलं पुढच्या शिकण्याच्या आड येतं.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, या जातीचे प्रसंग तर वेगळेच. बर्फातल्या त्या लेटनेच त्याआधी, ३१ जानेवारी १९९३ ला, सुपर बोल या अंतिम सामन्यात चेंडू उचलून ६४ यार्डांची दौड मारली होती, आणि रेषेच्या अलीकडेच वेग कमी करून चेंडू एका हाताने बाजूला मिरवत धरला. मागून जीव तोडून आलेल्या बफेलोच्या डॉन बीबीने तो उडवला. डॅलसने सामना ५२-१७ असा जिंकला म्हणून निभावलं. १५ सप्टेंबर २००८ ला फिलाडेल्फियाच्या डिशॉन जॅक्सनने टचडाउनची रेषा ओलांडण्याआधीच चेंडू सोडून दिला, आणि विशेष म्हणजे शालेय खेळाडूंच्या मोठ्या सामन्यात २००५ मध्ये त्याने असंच केलं होतं. तेव्हा तर कोलांटउडी मारली होती!

एमआयटीच्या अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगांत चक्रव्यूहात धावायला शिकलेल्या उंदरांचा मेंदू तपासला गेला. सवय मुरल्यावर मेंदूच्या खोल भागातल्या पेशी धावेच्या सुरुवातीला आणि शेवटी जोरात बोलतात, मधल्या वाटेत बऱ्याचशा गप्प होतात. सवय म्हणजे दोन्हीकडे खूण असलेलं एक गाठोडं. धावत्या फुटबॉलपटूच्या मेंदूत तारा घालून कोणी पाहिलेलं नाही, पण जॅक्सनच्या बाबतीत ‘झालं’ ही खूण पायांच्या आधी पोचली असं मला वाटतं.

भीतीचं काम वेगळं. १२ ऑक्टोबर २००८ ला डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करून पास टाकणारा खेळाडू, डॅन ऑर्लोव्स्की स्वतःच्या एंड झोनमध्ये प्रतिस्पर्धी जॅरेड अ‍ॅलनपासून पळता पळता मागची रेषा ओलांडून गेला, आणि त्याला पत्ताच नाही. ताण वाढला की लक्षाचा पट आक्रसतो, कडेच्या खुणा गळतात, असं इस्टरब्रुक यांनी १९५९ मध्येच म्हटलं होतं. ऑर्लोव्स्कीला अ‍ॅलन दिसत होता, पायाखालची पांढरी रेषा दिसत नव्हती. त्या सेफ्टीचे २ गुण, आणि सामना १२-१० असा गेला. त्या हंगामात डेट्रॉइटने सगळे १६ सामने हरले.

आता ज्या चुकीमुळे खेळच बदलला ती. १९ नोव्हेंबर १९७८, न्यू जर्सीतलं जायंट्स स्टेडियम. जायंट्स फिलाडेल्फियाविरुद्ध १७-१२ ने पुढे, ३१ सेकंद बाकी, फिलाडेल्फियाकडे टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवण्याची मुभा, नाही. क्वार्टरबॅक जो पिसार्चिकने चेंडू धरून नुसता गुडघा टेकला असता आणि घड्याळ संपू दिलं असतं, तरी सामना संपला असता. पण वरून चाल आली लॅरी झॉन्काच्या हाती चेंडू देण्याची. घोळक्यात खेळाडू कुरकुरले. तरी आज्ञा म्हणजे आज्ञा. हात चुकले, चेंडू उडाला, हर्मन एडवर्ड्सने तो उसळीवर घेऊन २६ यार्ड धाव काढली आणि फिलाडेल्फिया १९-१७ जिंकलं. चाल सांगणारे प्रशिक्षक बॉब गिब्सन यांची दुसऱ्या दिवशी उचलबांगडी झाली.

एकाचा बळी देऊन प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण संघांनी त्याहून शहाणी गोष्ट केली. गुडघा टेकण्यासाठी स्वतंत्र मांडणी बसवली: क्वार्टरबॅकच्या दोन्ही बाजूंना रक्षक, आणि चेंडू सुटलाच तर पळणाऱ्याला पकडायला बराच मागे उभा केलेला एक जण. आज आघाडीवरचा प्रत्येक संघ सामना असाच संपवतो. तोवर गुडघा टेकणं अनेकांना भेकडपणाचं वाटायचं. माणूस चुकणारच हे धरून रचना करायची, हे विमान कंपन्या आणि शस्त्रक्रियागृहं जे शिकली तेच इथे घडलं.

राहता राहिला तो चुकांचा राजा म्हणून मिरवला जाणारा निर्णय, जो मला चूकच वाटत नाही. १ फेब्रुवारी २०१५, सुपर बोल. सिअ‍ॅटल न्यू इंग्लंडच्या २८-२४ असं मागे, पण रेषेपासून फक्त एक यार्डावर, २६ सेकंद हाताशी, एक टाइमआउट. मार्शॉन लिंचसारखा बैल पाठीशी असताना प्रशिक्षक पीट कॅरल यांनी पास टाकायला लावला आणि माल्कम बटलरने तो मधेच पकडला. दुसऱ्या दिवशी सगळ्या अमेरिकेने कॅरलना वेड्यात काढलं. पण धाव अडली असती तर घड्याळ चालू राहिलं असतं. फसलेला पास घड्याळ थांबवतो, म्हणजे उरलेल्या वेळात जास्त प्रयत्न बसतात. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये दाखवलं होतं की एकाच शस्त्रक्रियेचा निर्णय रुग्ण वाचला तर लोकांना चांगला वाटतो आणि दगावला तर वाईट, निर्णय घेताना हाती असलेली माहिती अगदी तीच असली तरी. कॅरल यांचंही तेच झालं.

आणि बटलर? लीगमध्ये कोणी निवडही न केलेला हा नवखा खेळाडू सामन्याआधीच्या सरावात नेमक्या याच चालीला फसला होता आणि त्याबद्दल त्याने बोलणी खाल्ली होती. रेषेवर दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, एकामागे एक उभे राहिलेले दिसताच त्याने ओळखलं आणि विचार करत न बसता तो सुटला, लेट बर्फावर सुटला होता तसाच. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये त्याने पकडलेला प्रतिस्पर्ध्याचा तो पहिला पास.