चिंचोके मोजल्याने गणित कच्चं राहत नाही

जळगाव-धुळ्याकडे पालकसभेत हमखास ऐकू येतं, "पोराच्या हाती काड्या-चिंचोके दिले की त्याला तीच सवय लागते, मग तोंडी हिशेब कसा येणार?" ही भीती निराधार आहे. 2013 साली 55 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात नुसत्या अंकांवर शिकलेल्यांपेक्षा वस्तू हाताळून शिकलेली मुलं सरासरीने पुढेच होती. फरक फार मोठा नव्हता, हेही खरं.

गोम वापरण्यात आहे. 52 वजा 27 घ्या. दहा-दहाच्या पाच जुड्या, दोन सुट्या काड्या. सात काढायच्या तर सुट्या पुरत नाहीत, म्हणून मूल एका जुडीचं रबर सोडतं. आता जुड्या चार, सुट्या बारा. वहीत पाचावर काट मारून चार का लिहितात, ते त्याला तिथे दिसतं. मात्र काड्या हलवतानाच वहीत अंक मांडायला हवेत, नाहीतर खेळ एकीकडे नि गणित दुसरीकडे.

टॅबवरचे ठोकळेही चालतात. ठोकळा हलला की शेजारचा आकडा लगेच बदलतो, ही सोय काड्यांत नाही. पण काही ॲपमध्ये जुडी आपोआप फुटते. विचार ॲप करतं, पोरगं नुसतं बोट लावतं. ते नको.

आणि महागडा रंगीत संच कशाला? तुरीच्या काड्या शेतात पडलेल्या असतात. फार चकचकीत वस्तू दिली तर मूल मोजायचं सोडून तिच्याशीच खेळत बसतं.